बर्फाला कोण विचारतं?

"मॅडम, पाणीपुरीवाला सापडलाय. आता त्याच्या पाण्यात जंतू तेवढे सापडले, की विषय मिटला."

फोनवर एका नगरपंचायतीचे मुख्याधिकारी होते. मी तेव्हा जिल्ह्याच्या लॅबमध्ये सूक्ष्मजीवतज्ज्ञ होते. म्हणजे पाण्याचे, अन्नाचे नमुने माझ्याकडे यायचे आणि डोळ्यांना न दिसणारं त्यांत काय आहे, ते मी शोधायचे. आधी गुन्हेगार ठरवून मग पुरावा मागणारे फोन मला नवे नव्हते. पण इतक्या आनंदाने पुरावा आजवर कुणी मागितला नव्हता.

गाव बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं. नाव सांगत नाही, तिथे मला अजून चहा मिळतो. मे महिना होता. आठवडी बाजाराला डोणगाव, सुलतानपूरकडची माणसंही आली होती. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून सरकारी दवाखान्यात उलट्या-जुलाबाच्या पेशंटची रीघ लागली. कॉट भरल्या, मग बाकं भरली, मग व्हरांड्यात चटया पडल्या. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना लटकल्या.

गावाने तपास दुपारच्या आत संपवला होता. कुठल्यातरी लांबच्या शहरातला माणूस पाणीपुरीचे बटाटे पायाने तुडवतोय, असा एक व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं, 'आपल्या गावातला प्रकार'. गावातला पाणीपुरीवाला गजानन हा इथलाच, भरघोस मिशांचा. व्हिडिओतल्या माणसाला मिशीच नव्हती. एवढा बारीक फरक बघायला रागावलेल्या माणसाकडे वेळ नसतो. लोकांनी गजाननचा गाडा उलटवला, चटणीची भांडी चेपली आणि पाण्याचा पिंप गटारात रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी मी माझी आईसबॉक्स आणि बाटल्या घेऊन पोहोचले. मुख्याधिकारी तरुण होते, पश्चिम महाराष्ट्रातून नव्याने बदलून आलेले, शर्टला कडक इस्त्री. त्यांनी टेबलाच्या खणातून कोल्ड्रिंकची एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. आत करडं पाणी.

"हा घ्या नमुना. मी तुमचं काम करूनच ठेवलंय."

"साहेब, पिंप तर गटारात ओतला ना? मग हे कुठून आलं?"

"गटारातच साचलं होतं. आमच्या शिपायाने वरवरचं काढलंय."

त्या बाटलीत जंतू सापडतील, याची मी स्टॅम्पपेपरवर हमी दिली असती. मी त्यांना समजावलं. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो, थंड ठेवावा लागतो आणि काही तासांत लॅबमध्ये न्यावा लागतो. गटाराचा नमुना तपासला तर गटाराबद्दल कळतं, पाणीपुरीबद्दल नाही.

"बरं, मग तुम्ही तुमचं काढा. पण रिपोर्ट संध्याकाळपर्यंत लागेल. वरून विचारणा आहे."

"जंतू वाढायला चोवीस तास लागतात. पक्कं सांगायला अठ्ठेचाळीस."

"थोडं तापमान वाढवून लवकर नाही का होणार?"

"वाढवलं तर मरतील."

ते विचारात पडले. "मग नको," म्हणाले.

तोवर त्यांनी 'उपाययोजना' केली होती. गावातल्या सगळ्या हातगाडीवाल्यांना प्लास्टिकचे हातमोजे वाटले होते. पाकिटावर भाऊसाहेबांचा फोटो. भाऊसाहेब म्हणजे माजी नगराध्यक्ष आणि नव्या 'स्वच्छ खाद्य अभियाना'चे अध्यक्ष. मोजे त्यांनी स्वखर्चाने दिले होते. बाहेर मला एक भजीवाला दिसला. त्याने मोजे घातले होते. त्याच मोज्यांनी तो नोटा घेत होता, गाडीचं चाक ढकलत होता, घाम पुसत होता आणि भजी उचलत होता. उघडा हात निदान मळला की कळतं. मोजा घातलेला माणूस दिवसभर स्वच्छच असतो, स्वतःच्या मते.

मी दवाखान्यात गेले. अशा वेळी सगळे एकच प्रश्न विचारतात, आजारी माणसाने काय खाल्लं? आमच्या धंद्यात आणखी दोन प्रश्न असतात. त्याने काय खाल्लं नाही? आणि त्याच्यासोबतचा धडधाकट माणूस काय खाऊन धडधाकट राहिला?

व्हरांड्याच्या टोकाला सुलतानपूरकडची एक बाई सुनेच्या उशाशी उभी होती. कौसाबाई नाव. सून सात महिन्यांची गरोदर. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मेडिकल ऑफिसर तिला जिल्ह्याला हलवायचं म्हणत होते.

"हिने पाणीपुरी खाल्ली होती का?" मी विचारलं.

"नाई हो बाई," कौसाबाई म्हणाल्या. "कालपासून जो येते तो हेच इचारते. सातवा लागला तिले. म्याच खाऊ देली नाई."

"मग बाजारात काही घेतलंच नाही?"

"उनानं जीव घाबरा झाला तं लिंबाचं सरबत घेतलं. मले बी देऊन राह्यली होती. पण माह्या दाताले थंडं चालत नाई. म्या घोटभर बी नाई घेतलं."

"तुम्हाला काही झालं?"

"मले काय होते? मी तं कालपासून इथं उभी हाये. पाय तेवढे सुजले." मग सुनेकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, पोटातल्याले तं काई नाई होनार न?"

मला माझ्या कामापुरतं बोलता येत होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

पुढचा म्हणाला, उसाचा रस. त्याच्या पुढचा, मठ्ठा. एकाने तीन गोले खाल्ले होते आणि तेही अभिमानाने सांगितले. काहींनी पाणीपुरीही खाल्ली होती. पण अर्ध्याहून जास्त लोक गजाननच्या गाड्याकडे फिरकलेही नव्हते. मग मला एक मास्तर भेटले, बायकोला बघायला आलेले. दोघांनी एकाच रसवंतीत, एकाच वेळी रस घेतला होता. बायको सलाईनवर, हे ठणठणीत.

"तुमच्या ग्लासात काही वेगळं होतं?"

"घसा बसला होता माझा. मी बिनबर्फाचा सांगितला."

एवढंच हवं होतं. सरबत, रस, गोला, मठ्ठा, पाणीपुरी. विकणारे वेगळे, चवी वेगळ्या, बर्फ एकच. बाजारात माणूस तेलाची चौकशी करतो, बेसनाची करतो. बर्फाला कोण विचारतं? बर्फ पांढरा असतो, थंड असतो, म्हणून तो चांगलाच असणार.

गजाननला पोलिसांनी 'त्याच्याच सुरक्षेसाठी' बसवून ठेवलं होतं. मला बघून तो उठून उभा राहिला.

"मॅडम, म्या काय केलं? माह्याच गाड्यावर सारे काऊन आले?"

"आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. पाणी कुठलं?"

"नळाचं."

"हात धुता का?"

"धुतो न."

"कधी?"

"सकाळी."

त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मी मनात गुण दिले आणि हाताबद्दल कापून घेतले. "बर्फ घालता पाण्यात?"

"घालाच लागते. नाई घातला तं गिऱ्हाईक म्हनते, पानी काऊन कोमट हाय बे."

"कुठून आणता?"

"साऱ्याईचा एकाच जागून येते. भाऊसाहेबाईच्या फॅक्टरीतून."

हातमोज्यांच्या पाकिटावरचे भाऊसाहेब ते हेच.

मी मुख्याधिकाऱ्यांना घेऊनच फॅक्टरीवर गेले. ते येताना वाटेत दोनदा म्हणाले, "मॅडम, जरा जपून बोला." बर्फाची फॅक्टरी म्हणजे एक मोठी टाकी. तिच्यात खारट पाणी अतिशय थंड केलेलं असतं. त्यात पत्र्याचे उंच डबे सोडतात, डब्यांतलं साधं पाणी गोठतं आणि त्याची लादी होते. इथे लादी डब्यातून काढली की फरशीवरून ओढत दारापर्यंत न्यायची पद्धत होती. त्याच फरशीवरून कामगार चपला घालून ये-जा करत होते. लादीवर ओलं पोतं टाकलेलं. पोत्याचा मूळ रंग कोणता होता, हे तपासायला वेगळी लॅब लागली असती.

नियम साधा आहे. खाण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच करायचा. नुसता थंडाव्यासाठी असेल, तर त्यात निळा रंग घालायचा, म्हणजे तो कुणी चुकूनही तोंडात घालणार नाही. भाऊसाहेबांचा परवाना थंडाव्याच्या बर्फाचा होता. दुधाच्या कॅनला, माशांना, आणि उन्हाळ्यात कुणी वारलं तर लांबचे नातेवाईक येईपर्यंत. बर्फ मात्र शुभ्र पांढरा.

"पाणी कुठलं घेता?" मी विचारलं.

"घरची विहीर हाये," भाऊसाहेब म्हणाले. पांढरे कपडे, हसतमुख चेहरा. "आजोबापासून पितो आम्ही."

विहीर मागे होती. तिला लागून गावाचा नाला वाहत होता. नाल्याच्या बाजूचं विहिरीचं बांधकाम फुटलेलं होतं आणि तिथून ओलावा झिरपताना दिसत होता. आत परत येऊन मी वितळलेल्या बर्फाचं पाणी एका छोट्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरिन असेल तर ते पिवळं होतं. ते जसंच्या तसं राहिलं.

"पाहा साहेब!" भाऊसाहेब खूश झाले. "काईच निघालं नाई!"

"क्लोरिन निघालं नाही," मी म्हटलं. "तेच निघायला हवं होतं."

"अहो मॅडम, एवढ्या थंडीत कोनता जंतू जगन? मानूस गोठून मरते तिथं."

"जंतू मरत नाहीत. गोठले की निजतात. सरबतात पडले की जागे होतात."

"मंग मी तं थंड कराले इकतो. लोकं खातात त्याले मी काय करू?"

मुख्याधिकारी या सगळ्या वेळात छताकडे बघत होते. मी बर्फाचे, विहिरीचे, रसवंतीचे नमुने घेतले, गावातल्या नळाचं पाणीही घेतलं आणि आईसबॉक्स घेऊन निघाले. निघताना साहेबांना म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत बर्फ थांबवा. माझ्या हातात तो अधिकार नाही, तुमच्या आहे. ते म्हणाले, रिपोर्टशिवाय कसा थांबवू? पाणीपुरीचा गाडा मात्र रिपोर्टशिवायच थांबला होता. त्यांना ते माहीत होतं.

आमची टेस्ट बघायला अगदी साधी असते. काचेच्या नळ्यांत जंतूंना आवडेल असं खाद्य असतं आणि त्यात नमुना टाकतात. आत एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली असते. माणसा-जनावरांच्या आतड्यांत राहणारे कोलिफॉर्म जातीचे जंतू त्यात असले, तर ते गॅस सोडतात आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा धरतो. चोवीस तासांनी मी इन्क्युबेटर उघडला. गावच्या नळाच्या नळ्या शांत होत्या. बर्फाच्या आणि विहिरीच्या एकूण एक नळ्यांत बुडबुडे. याला आम्ही प्रिझम्प्टिव्ह म्हणतो. म्हणजे जवळजवळ खात्री, पण अजून एक पायरी बाकी.

ते सांगायला मी पुन्हा गावी गेले. नगरपंचायतीच्या सभागृहात पत्रकार बसले होते. भाऊसाहेबांनीच बोलावले होते. टेबलावर स्टीलचं मोठं पातेलं, त्यात लिंबू सरबत, त्यात त्यांच्याच फॅक्टरीच्या बर्फाचे मोठाले खडे तरंगत होते.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "बर्फात कोलिफॉर्म आहेत. म्हणजे नाल्यातली घाण बर्फात येतेय. फॅक्टरी आजच बंद करा. दवाखान्यातल्या त्या गरोदर बाईला सकाळी जिल्ह्याला हलवलंय."

"फायनल आहे का रिपोर्ट?"

"प्रिझम्प्टिव्ह आहे. उद्या कन्फर्म होईल."

"म्हणजे अजून संशयच आहे."

"साहेब, तुमच्या पाणीपुरीवाल्यावर तर संशयही नीट नव्हता."

तेवढ्यात भाऊसाहेब उभे राहिले. "काही लोकं गावची बदनामी करून राह्यले. हा बर्फ शुद्ध हाये. मी सोता पिऊन दाखवतो. साहेब बी पितीन."

साहेबांच्या हातात ग्लास आला. मी हळूच म्हटलं, "पिऊ नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्यांकडे बघितलं. एका मॅडमचं ऐकण्याचा फोटो येत नाही. भाऊसाहेबांनी ग्लास नुसता ओठांना लावला. आयुष्यभर उद्घाटनं करून माणूस एवढं शिकतोच. साहेब नवे होते, उन्हातून आलेले होते. त्यांनी ग्लास गटागटा रिकामा केला. सरबत छान झालं असावं, कारण त्यांनी दुसराही घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत फोटो होता. 'बर्फ पूर्णपणे सुरक्षित, मुख्याधिकाऱ्यांचा निर्वाळा.'

त्याच दिवशी माझी पुढची टेस्टही आली. ई-कोलाय. आतड्यातलाच जंतू, आता संशय नाही. मी रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी फोन आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"मॅडम, ते तुमचं प्रिझम्प्टिव्ह... कन्फर्म झालं का?"

"कालच झालं साहेब. तुमचं?"

"माझं पहाटे झालं."

मी रिपोर्टची प्रत घेऊन गेले तेव्हा ते त्याच सरकारी दवाखान्यात होते. साहेब म्हणून खोली वेगळी, संडास मात्र सगळ्यांना एकच. डाव्या हातात सलाईन होती. उजव्या हाताने त्यांनी फॅक्टरी बंद करण्याच्या आदेशावर सही केली. 'वरिष्ठांशी चर्चा करून', 'सखोल चौकशीअंती', असं काहीही लिहिलं नाही. मी नोकरीत पाहिलेला तो सगळ्यात स्वच्छ भाषेतला आदेश होता. सही करून म्हणाले, "आजच सील करायला सांगा," आणि घाईघाईने सलाईनचा स्टँड ढकलत आत गेले.

फॅक्टरीला सील लागलं. पेपरात भाऊसाहेबांचं निवेदन आलं, देखभाल-दुरुस्तीसाठी फॅक्टरी स्वेच्छेने बंद ठेवण्यात येत आहे. दोन-तीन दिवसांत दवाखान्यात नवे पेशंट येणं थांबलं. कौसाबाईंची सून जिल्ह्याच्या दवाखान्यात सुधारली. पुढे तिला मुलगी झाली, व्यवस्थित, वेळेवर. हे मला मेडिकल ऑफिसरांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. त्या दिवशी लॅबमध्ये मी पेढे वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

गजानन सुटला. ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला होता, तिथे 'चूक झाली' असं कुणी लिहिलं नाही. गाडा ठोकून सरळ करून तो पुन्हा उभा राहिला. मी त्याच्याही चटणीचा आणि पाण्याचा नमुना घेतला, कारण माझं काम तेच आहे. रिपोर्ट काही फार चांगला आला नाही. आजार पसरवण्याइतका नव्हता, कौतुक करण्याइतकाही नव्हता. मी त्याला तसं सांगितलं. गाड्यावर साबण ठेवा, पाणी उकळून घ्या, चटणी रोजची रोज करा.

"म्हंजे मी बी दोषी निघालो?"

"थोडेसे."

"अन् भाऊसाहेब?"

"पुष्कळ."

"मंग गाडा माहाच काऊन उलटोला?"

या प्रश्नासाठी आमच्या लॅबमध्ये टेस्ट नव्हती. मी त्याला साबणाचं पुन्हा एकदा सांगितलं आणि निघाले.

काही आठवड्यांनी फॅक्टरी उघडली. विहिरीचं बांधकाम दुरुस्त केल्याचं कळलं. आणि यावेळी नियमाप्रमाणे, बर्फ निळा. मला बरं वाटलं. उन्हाळा अजून संपला नव्हता. बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम पाहणीला गेले. रसवंतीवाल्याने घरचा फ्रीज लावला होता. सरबतवाल्याने माठ ठेवला होता. एका गोलेवाल्यापुढे मात्र ही गर्दी. मी टाचा उंचावून बघितलं. तो निळी लादी किसत होता. वर सरबत ओतायचेही त्याचे कष्ट वाचले होते.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"निळा गोला मॅडम. स्पेशल. नवीन निघाला."

बर्फ निळा दिसला की लोक तो तोंडात घालणार नाहीत, असं ज्याने ठरवलं, त्याने आमच्याकडचा उन्हाळा बघितलेला नसावा. एक आजोबा निळी जीभ काढून दुसऱ्या आजोबांना दाखवत होते.

मी साहेबांना फोन लावला. पूर्वीचा अनुभव धरून मी मनात तयारी केली होती. रिपोर्ट आहे का, लेखी द्या, बैठक लावू, भाऊसाहेबांशी बोलून घेतो. मी फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, त्या फॅक्टरीचा बर्फ बाजारात लोक खातायत."

पलीकडे लगेच खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

ते आले ते मोटरसायकलवर, शिपायाच्या मागे बसून. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला. आल्या आल्या त्यांनी किसून उरलेली निळी लादी स्वतः दोन्ही हातांनी उचलली, नालीपर्यंत नेली आणि टाकली. मग रांगेतल्या लोकांच्या हातातले गोले एकेक करून काढून घेतले. आजोबांचासुद्धा. त्याच संध्याकाळी फॅक्टरीचा परवाना निलंबित करावा, असं पत्र गेलं, आणि यावेळी भाऊसाहेबांच्या फोनचा उपयोग झाला नाही. ती फॅक्टरी आज बंद आहे. शेडमध्ये आता सिमेंटच्या गोण्या असतात.

नोकरीत मी पुष्कळ रिपोर्ट लिहिले. आकडे बरोबर, सही-शिक्का बरोबर, शिफारशी मुद्देसूद. त्यातले बहुतेक फायलीत गेले आणि तिथेच राहिले. एकच रिपोर्ट साहेबांच्या पोटात गेला. अंमलबजावणी तेवढ्याची झाली.